जंतूंच्या पंगतीतली ओळ

ताईला कुठलीही गोष्ट एकटी कळत नाही. तिच्यापुढे एक चमचा ठेवा, ती म्हणणार, "बरं, मग?" दोन ठेवा, की लगेच डोळे बारीक: "याचा दांडा वाकलाय." भाजी घ्यायला गेली की टोमॅटो निवडत नाही, आधी रांगेत मांडते. भाजीवाला एकदा वैतागून म्हणाला, "बाई, विकत घेताय की शाळा भरवताय?" त्यावर ताईने एक टोमॅटो रांगेतून बाहेर काढला आणि म्हणाली, "हा नापास."

"एकटं काही कळत नाही, शेजारी ठेवलं की कळतं." हे तिचं ब्रीदवाक्य. ते ती किंचित नाकातून म्हणते, मान डावीकडे कलती करून, आणि "शेजारी"पाशी जरा थांबते, जणू भिंतीपलीकडची शेजारीण कान लावून बसलीय. घरात सगळ्यांना ते हुबेहूब म्हणून दाखवता येतं. तिच्या नवऱ्याला तर इतकं, की एकदा त्याने फोनवर तिच्याच आवाजात दूधवाल्याला झापलं होतं.

पोटापाण्याचा उद्योगही तोच. एका प्रयोगशाळेत ती आरएनएच्या ओळी लावते. आरएनए म्हणजे चार अक्षरांची लांबलचक माळ. ही माळ सरळ म्हणून राहत नाही. लोकरीचा धागा सोडून दिला की जसा स्वतःभोवतीच वळतो, तशी दुमडते, आणि दुमडल्यावर समोरासमोर आलेली अक्षरं एकमेकांचे हात धरतात. हात धरायचे तेही वाटेल त्याचे नाही, ठरल्या जोडीदाराचेच. आता कोणी कोणाचा हात धरलाय, हे नुसत्या माळेकडे बघून ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. म्हणून ताई गाय, बेडूक, पाल, गोगलगाय, बुरशी, माणूस अशा शंभर जणांच्या ओळी एकाखाली एक मांडते आणि बघत बसते. गायीत इथलं अक्षर बदललं, तर लांब तिकडचंही एक बदललंय. पालीत पुन्हा हेच दोन, वेगळ्या तऱ्हेने. म्हणजे हे दोघं जोडीचे.

"नवरा घोरायला लागला की बायको कुशीवर झोपायला शिकते, तसंच," ताई पाहुण्यांना समजावते. "एक बदलला की दुसऱ्याला बदलावं लागतं, नाहीतर संसार सुटतो. ज्यांचे सुटले ते गेले. ज्यांचे टिकले तेच आज माझ्या पडद्यावर आहेत."

"मी घोरत नाही," नवरा आतून ओरडतो.

"ओळ दाखवू?"

तर अशी ही ताई. आणि तिच्यावर स्पिरिट.

स्पिरिट म्हणजे प्रयोगशाळेतला तिचा वरिष्ठ. खरं नाव पगारपत्रकाला ठाऊक. हा माणूस खिशात स्पिरिटची बाटली घेऊन फिरतो आणि टेबल, दाराची मूठ, स्वतःचं पेन, दुसऱ्याचं पेन, जे दिसेल ते पुसतो. एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाला त्याने केक कापायची सुरी पुसली, आणि केकला दवाखान्याचा वास आला. बोलताना तो श्वास घेत नाही. शब्द एकमेकांना चिकटून येतात, घाई झालेल्या मुंग्यांसारखे: "हातमोजे घातलेस का कोट बदललास का शिंकलीस का." शंभरातल्या नव्व्याण्णव भानगडींवर त्याचं निदान एकच: घाण.

त्या सकाळी नवी खेप वाचून झाली होती. त्यांच्याकडे एक रीत आहे. बेडूक-पालींच्या नळ्या यंत्रात जातात, त्यांच्याबरोबर एक नळी माणसाची जाते, प्रयोगशाळेतल्याच कुणाच्या तरी लाळेची. माणसाची ओळ सगळ्यांना तोंडपाठ, त्यामुळे ती बरोबर वाचली गेली की समजायचं, यंत्र खरं बोलतंय. या नळीला "घरची नळी" म्हणतात. वर्षानुवर्षं घरची नळी स्पिरिटचीच असायची, कारण दुसऱ्याच्या लाळेवर त्याचा विश्वास नाही. पण या वेळी त्याची दाढ काढलेली, गालात कापूस. म्हणून नळीत ताई थुंकली.

आणि घरचीच नळी चुकली.

ते वाचत होते पेशीतल्या भट्टीचा तुकडा. आपल्या पेशीपेशीत इवल्या इवल्या भट्ट्या असतात. अंगाला लागणारी ऊब आणि जोर तिथे तयार होतो. फार फार पूर्वी त्या स्वतंत्र जंतू होत्या. भाडेकरू म्हणून पेशीत शिरल्या आणि घरच्याच होऊन बसल्या. त्यांचा आरएनए अजून जंतूंसारखाच दुमडतो. घर बदललं तरी नाक आजोळचं. म्हणून ताईच्या पडद्यावर खाली नेहमी चार-पाच जंतूंच्या ओळी असतात, नातं तपासायला. एका वळणावर मात्र दोघांत फरक आहे. तिथे जंतूंची दोन अक्षरं हात धरून बसतात, आणि माणसात ती दोन नुसतीच समोरासमोर असतात, हात मोकळे.

ताईच्या ओळीत तिथे हात धरलेले होते.

"घाण," स्पिरिट तिच्या खांद्यावरून म्हणाला, कापसामुळे ते "घाड" असं आलं. "जंतूंची ओळ आहे ही तुझी नाहीच तू चूळ भरली होतीस का."

"दोनदा भरली."

"दोनदा भरून काय होतं तोंड म्हणजे जंतूंचं वसतिगृह नळीत तू थुंकलीस की ते थुंकले."

"अहो, माझंच तोंड आहे ते!"

"तेच म्हणतोय मी."

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी हसलं. ताईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागल्या मोसमात तिच्या एका नळीपायी सगळी खेप फुकट गेली होती, आणि ते अजून चहाच्या वेळी निघायचं. तिने ती ओळ उचलली आणि पडद्यावरच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकली. पुढची-मागची अक्षरं पाहिली नाहीत, स्पिरिटची जुनी ओळ काढून शेजारी ठेवली नाही. टोमॅटोलाही परीक्षेला बसवणारी बाई, आणि स्वतःला तिने न तपासता नापास केलं.

तेवढ्यात फोन वाजला. भावजयीचा.

भावजयीचं बोलणं नेहमी एकाच पायरीवरून सुरू होतं. "ताई, घाबरू नका, पण..."

"तू घाबरू नका म्हटलंस की मी आधी घाबरून घेते. बोल."

"यांना काल दवाखान्यात ठेवलंय. लघवीचा संसर्ग होता ना, तो रक्तात उतरलाय म्हणतात. ताप उतरतच नाही. पण घाबरू नका, सकाळी एक इंजेक्शन दिलंय. आणखी द्यायची आहेत. डॉक्टर म्हणाल्या, जुनं आहे पण खमकं आहे."

"कालचं आज सांगतेस?"

"हे म्हणाले, ताईला सांगू नकोस, ती मला दुसऱ्या पेशंटच्या शेजारी ठेवून बघेल."

ताईला हसू आलं. धाकटा भाऊ असा तापातही थट्टा करायचा. तो पाणीखात्यात आहे, आणि त्याचं काम ऐकणं. जमिनीखाली पाण्याचा नळ कुठे गळतोय, हे रस्ता न खोदता कसं कळणार? धाकटा एक लांब लोखंडी कांडी घेऊन फिरतो. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवतो, दुसऱ्या टोकाची वाटी कानाला लावतो, डोळे मिटतो, आणि सांगतो, "इथे खणा." जेवताना तो गळत्यांच्या नकला करतो. "ही ओठ दाबून शिट्टी घालते, ती बारीक चीर. ही गुळण्या करते, ती सांध्यातली. आणि ही रडते ना, हुं हुं हुं, ती म्हणजे मोठ्या साहेबांनी स्वतः बसवलेला नळ." साहेब म्हणतात, यंत्रं आणली, पण हा पोरगा यंत्रापेक्षा कमी चुकतो. लहानपणी तर तो आईचेही कान होता, कारण आईला ऐकू येत नाही. दारात कोण आलं, कुकर किती वाजला, खाली भांडण कुणाचं लागलं, सगळं हा तिच्यापुढे उभा राहून ओठांनी सांगायचा, वर थोडा मसाला घालून.

"इंजेक्शन कुठलं?" ताईने विचारलं. काही मनात होतं म्हणून नाही, सवयीने.

"थांबा, बाटली इथेच आहे. जेन... जेंटा... मायसिन. पुढचं दुपारच्या जेवणानंतर. तुम्ही या सावकाश."

फोन ठेवून ताई खुर्चीत बसली. पडद्यावर जंतूंच्या ओळी तशाच होत्या. जेंटामायसिन. हे औषध जंतू कसं मारतं, हे तिला पाठ होतं, कारण ते बरोबर त्याच वळणावर जाऊन बसतं, जिथे जंतूंची ती दोन अक्षरं हात धरून असतात. माणसाच्या भट्टीत तिथे हात मोकळे, म्हणून औषधाला बसायला जागा नाही, म्हणून माणूस वाचतो. हे ती नव्या मुलांना दर वर्षी सांगते, आणि हेही, की एखाद्या माणसात तिथे हात जुळलेले असले, तर औषध त्याच्या कानातल्या भट्ट्या विझवतं आणि कान कायमचे जातात.

आणि तिच्या ओळीत तिथे हात धरलेले होते.

मग तिला आई दिसली. चांगली ऐकती-बोलती आई, ऐन तरुणपणी एका दुखण्यातून उठली ती ठार बहिरी होऊन. मग मामा दिसला, तसाच. घरातलं म्हणणंही आठवलं, लोक डोळ्यांच्या रंगाबद्दल म्हणतात तितक्या सहज म्हटलेलं: "आमच्याकडे तापाने कान जातात."

ते औषध आणि हे कान, या दोन गोष्टी तिच्या आयुष्यात कधी शेजारी आल्याच नव्हत्या.

ती ताडकन उठली तशी खुर्ची मागच्या कपाटावर आपटली. "माझी ओळ! कचऱ्यातली! कुठाय?"

"टोपली रिकामी केली मी," स्पिरिट म्हणाला. "कचरा ठेवायचा नसतो."

ताईचा चेहरा असा झाला, की स्पिरिटनेही पुसायचं थांबवलं.

"अगं पण नक्कल ठेवतो मी," तो घाईने म्हणाला. "कचऱ्याची नक्कल ठेवतोच उद्या कोणी म्हटलं घाण नव्हती तर पुरावा नको का."

आयुष्यात पहिल्यांदाच ताईला हा माणूस देखणा वाटला.

त्याने ओळ परत आणली. ताईने ती त्याच्या जुन्या ओळीखाली ठेवली, आणि दोघं एकेक अक्षर सरकत गेले. जंतू नळीत पडले असते, तर जागोजागी जंतूंची अक्षरं निघाली असती. पण इथे सगळी ओळ माणसाची. स्वच्छ, पाठ असलेली, आपली. फक्त त्या वळणावर एकच अक्षर वेगळं, आणि त्या एका अक्षरापायी मोकळे हात जुळलेले. स्पिरिटने पुन्हा पहिल्यापासून पाहिलं. गालातला कापूस काढला, कचऱ्यात टाकला, हात पुसले.

"ही घाण नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच शब्द सुटे सुटे आले. "ही तूच आहेस."

भट्ट्या आईकडून येतात, बापाकडून नाही. म्हणजे ताईची ती आईची, आणि आईची ती धाकट्याची. ताईने भावजयीला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. "आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता..." असं एक बाई गोड आवाजात सांगू लागली, आणि ताई त्या बाईला जे म्हणाली ते इथे नको. दवाखान्याच्या मुख्य नंबरवर सनई वाजत राहिली. तिने पर्स उचलली आणि अंगावरचा प्रयोगशाळेचा कोट न काढताच पळाली. कोट घालून दाराबाहेर पाऊल टाकणाऱ्याला स्पिरिटने कधीच सोडलेलं नाही. आज तो नुसता म्हणाला, "जा. फोन चालू ठेव."

टॅक्सीवाला गप्पिष्ट निघाला. "मॅडम, डॉक्टर का?"

"नाही. जरा घाई करा."

"घाई करायची, तर डॉक्टरांनी रस्त्यावर उतरायला पाहिजे. हा सिग्नल आजारी आहे बघा, लाल झाला की झाला."

ताई खिडकीतून बघत होती. रस्त्याच्या कडेला खणून ठेवलेलं, भोवती दोरी. असल्या खड्ड्याशी कधी कधी धाकटा असायचा, गुडघ्यावर, डोळे मिटून, आणि शाळेत जाणारी पोरं त्याला विचारायची, "काका, खाली कोण बोलतंय?" ताईने डोळे मिटले. दुपारचं जेवण दवाखान्यात लवकर येतं, हे तिला आत्ता आठवलं.

वॉर्डात शिरली तेव्हा नर्स हातात ट्रे घेऊन धाकट्याच्या खाटेशी उभी होती. धाकट्याचा चेहरा तापाने तांबडा, ओठ सुकलेले. एका बाजूला भावजय, दुसऱ्या बाजूला आई, ताठ बसलेली, सगळ्यांचे चेहरे वाचत.

"थांबा!" ताई दारातूनच ओरडली. वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. आईची नाही वळली. तिने सगळ्यांच्या माना वळलेल्या पाहिल्या आणि मग वळून पाहिलं.

"ही कोण?" नर्सने भावजयीला विचारलं.

"माझी नणंद. ताई, घाबरू नका—"

"ते इंजेक्शन देऊ नका. आधी डॉक्टरांना बोलवा. हात जोडते."

डॉक्टरीण आली. तरुण, तोंडावर मास्क, डोळ्यांखाली दोन दिवसांचं जागरण. तिने ताईचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही. ताईने मोबाइलवर ओळी दाखवल्या.

"हे मला ठाऊक आहे," डॉक्टरीण म्हणाली. "परीक्षेत लिहिलंय मी यावर. पण ही तपासणी तुमची, रुग्ण हा. बरं, आईकडून येतं, तेही मान्य. पण तुमची तपासणी दवाखान्याची नाही. दुसऱ्या कुणी पाहिलीय?"

ताईने खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "सकाळी आम्ही दोघांनी ती घाण म्हणून फेकली होती."

"आणि आता घाण नाही?"

"आता नाही." तिने फोन लावून डॉक्टरणीच्या हातात दिला. स्पिरिटचा आवाज बाहेर तीन खाटांपर्यंत आला: "डॉक्टरबाई मी कुणावर विश्वास ठेवत नाही स्वतःच्या रुमालावरसुद्धा ठेवत नाही पण ही ओळ स्वच्छ आहे लेखी देतो."

डॉक्टरणीने फोन परत दिला. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, आता माझं ऐका. याचं रक्त दूषित झालंय. पेनिसिलिनने याच्या अंगावर गांधी उठतात, म्हणून हे निवडलं. ताप आहे, पण सकाळपासून नाडी सुधारलीय, म्हणजे हे लागू पडतंय. बदलायचं तर दुसरं वरिष्ठांना विचारून भांडारातून काढावं लागेल, आणि ते याला कसं सोसेल मला माहीत नाही. मधल्या वेळात हा घसरला तर? कान गेलेला माणूस घरी जातो. तुम्हाला समजतंय ना मी काय म्हणते?"

समजत होतं. भावजयीलाही समजलं, आणि तिने खाटेची दांडी धरली.

"काय म्हणते ती?" आई मोठ्याने म्हणाली. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज मोजता येत नाही. सगळा वॉर्ड दचकला. "बाई, ते फडकं काढ तोंडावरचं. मला तुझं बोलणं दिसत नाही."

डॉक्टरणीने मास्क खाली ओढला.

ताई आईसमोर वाकली, एकेक शब्द ओठांवर ठेवत. "आई, तुझे कान कधी गेले? तापात, की तापानंतर?"

"आता हे कशाला?"

"सांग ना गं."

"तापात बरे होते की," आई म्हणाली. "ताप होता तेव्हा सगळं ऐकू यायचं. एक नर्स होती, पायाने जड. तिच्या चपला मला कॉरिडॉरच्या टोकापासून ऐकू यायच्या. चप, चप. ती आली की सुई टोचायची, म्हणून मी चपलांना भ्यायची. मग ताप उतरला. सुया चालूच होत्या. एक दिवस ती एकदम माझ्या उशाशीच उभी दिसली. मी म्हटलं, अगं, चपला कुठे काढून ठेवल्यास? ती हसली. तिचे ओठ हलले. चपला पायातच होत्या."

नर्सने हातातला ट्रे खाली टेकवला.

"आणि मामा?"

"त्याला छातीचं दुखणं होतं. त्यालाही सुयाच. खूप दिवस. आम्ही म्हणायचो, ताप डोक्यात चढला." आईने ताईचा चेहरा पाहिला, डॉक्टरणीचा पाहिला, मग ट्रेकडे पाहिलं. ती वाचण्यात पटाईत. "ताप नव्हता तो?"

ताईने नाही म्हणून मान हलवली.

"ट्रे परत नेऊन ठेवा," डॉक्टरीण नर्सला म्हणाली. "मी वरती फोन करते. भांडारात कोण आहे बघा, आणि जेवायला गेलाय असं मला सांगू नका." आणि ती जवळजवळ पळतच गेली.

मग सुरू झाली खरी परीक्षा. दुसरं औषध येईपर्यंत धाकटा थडथडत होता. ते आलं, सलाइनमधून थेंब थेंब जाऊ लागलं, आणि नर्स त्याच्या अंगावर गांधी उठतात का, म्हणून सारखी बाह्या वर करून बघू लागली. ताप खाली यायचं नाव घेईना. उलट चढला. भावजय ओल्या फडक्याने कपाळ पुसत होती. दुपार कलली, तसा तिचा हात थांबला.

"ताई," ती म्हणाली, आणि या वेळी पुढे "घाबरू नका" आलंच नाही. "मला भीती वाटते. पहिलं लागू पडत होतं. तुम्ही म्हणालात म्हणून बदललं. यांना काही झालं तर मी तुमचं तोंड कसं बघू?"

ताईने तिच्या हातातलं ओलं फडकं आपल्या हातात घेतलं. शंभर प्राण्यांच्या ओळी लावणाऱ्या बाईपुढे आज एकच माणूस होता, एकच, आणि शेजारी ठेवायला दुसरा नव्हता. बदललं नसतं तर काय झालं असतं, तो धाकटा कुठल्याच खाटेवर नव्हता.

तेवढ्यात धाकट्याने डोळे उघडले. "नळ कुणी उघडा ठेवलाय?" तो पुटपुटला.

ताईने बेसिनकडे पाहिलं. नळ बंद होता.

"उजवीकडे," धाकटा म्हणाला. "बारीक चीर आहे. शिट्टी घालतेय." आणि पुन्हा डोळे मिटले.

उजवीकडे भिंत होती, नुसती. ताई उठून भिंतीशी गेली, तिला कान लावला. काही नव्हतं. तिला कळलं की शिट्टी भिंतीत नाही. सकाळचं एक इंजेक्शन अंगात गेलेलंच होतं. ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, कारण वळली असती तर आईने वाचलं असतं.

ताप उतरला तो हळूहळू, उसने पैसे फेडणाऱ्यासारखा, नाराजीने, पुन्हा पुन्हा मागे फिरत. पण उतरला. डॉक्टरीण तक्ता बघून म्हणाली, "आता घसरत नाही हा," आणि भावजय खाटेच्या पायथ्याशी बसून इतकी रडली, की शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तिला स्वतःचा टॉवेल दिला. वर म्हणाले, "धुतलेला नाही हो, पण भावना बघा."

कान मात्र कुणी विचारेना. सगळे त्याच्याशी जरा मोठ्यानेच बोलत होते, आणि तो उत्तरं देत होता, पण उत्तरं ओठ बघूनही देता येतात. या घरात ते सगळ्यांनाच येतं. शेवटी तोच म्हणाला, "घरून माझी कांडी आणा."

भावजयीने कांडी आणली. धाकटा खाटेवरून उतरला, पाय लटपटत होते, ताईने दंड धरला. बेसिनखाली जाडसर नळ भिंतीतून वर गेलेला होता. त्याने कांडीचं टोक नळाला टेकवलं, वाटी डाव्या कानाला लावली, डोळे मिटले. मग उजव्या कानाला. मग पुन्हा डाव्या. डॉक्टरीण फेरी सोडून दारात उभी होती. ताईला आपल्याच छातीतली धडधड इतकी मोठी वाटली, की त्यालाही तीच ऐकू जात असेल असं वाटलं.

त्याचे डोळे मिटलेलेच होते. आई त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, भुवईकडे, ओठांच्या कोपऱ्याकडे. लहानपणी तो तिच्यासाठी ऐकायचा, आता ती त्याच्यासाठी बघत होती.

"येतंय त्याला ऐकू," आई सगळ्या वॉर्डाला म्हणाली.

धाकट्याने डोळे उघडले. "उजव्यात शिट्टी आहे," तो म्हणाला. "ती जात नाही. तिच्या पाठीमागून ऐकावं लागतं. डावा जसाच्या तसा." आणि मग वर बोट केलं. "डॉक्टर, वरच्या मजल्यावर सांध्यातून गळतंय तुमचं. गुळण्या करतंय. आज ना उद्या भिंत फुगेल."

"वर बालविभाग आहे," डॉक्टरीण म्हणाली. "तक्रार कुणाकडे करू?"

"माझ्याकडेच. पण आधी मला घरी सोडा."

सगळे हसले. ताई हसली नाही. तिने दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरून कानाला कान लावला, लहानपणी शंखाला लावायचे तसा, आणि तो ओरडला, "अगं, शेजारी ठेवू नकोस मला!"

उरलेलं काम ताईने त्याच आठवड्यात केलं. आपली ओळ माणसांच्या ओळींत परत ठेवली. स्वतःच्या लेकीला समोर बसवून सांगितलं, की हे तुझ्यातही आहे, हे इंजेक्शन जन्मात घ्यायचं नाही. धाकट्याच्या पोरांना मात्र भीती नाही, बापाच्या भट्ट्या पुढे जात नाहीत. हे आईने ताईच्या ओठांवरून वाचलं. मग म्हणाली, "दागिने द्यायला जमलं नाही मला. हे मात्र बरोब्बर दिलं."

पण हे पुढचं. त्या दिवशी वॉर्डात, कांडी भिंतीला टेकवून धाकटा खाटेवर परत बसला, तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी चालत येत होतं. आईने त्याची बाही ओढली.

"नर्स येतेय ना? तिच्या चपला वाजतात का रे?"

धाकट्याने मान जराशी डावीकडे वळवली. ऐकलं.

"वाजतात."

"कशा?"

त्याने आईसमोर तोंड आणलं आणि ओठांनी करून दाखवलं. "चप... चप. डावी जरा घासते."

आई बघत राहिली. मग तिने मान हलवली.

"तशाच," ती म्हणाली.